इंटरनेट कॉलवर आवाज तुटतो: जास्त वेगाचा प्लॅन घ्यावा का?

कोथरूडकर:
आमच्याकडे १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे आणि स्पीड टेस्टमध्ये वेग पूर्ण मिळतो. तरीही संध्याकाळी म्यूनिकमधील सहकाऱ्यांशी इंटरनेटवरून बोलताना माझा आवाज त्यांना तुटक ऐकू जातो. त्यांचा मला स्वच्छ येतो. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्यावा का? जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

पेठेतला:
प्लॅन बदलू नका. जी.७११ सारख्या जुन्या कोडेकलाही (आवाजाचे डिजिटल डेटात रूपांतर करणारी पद्धत) एका दिशेने ९० केबीपीएसच्या आतच जागा लागते, ऑपस या नव्या कोडेकला तर त्याहून पुष्कळ कमी. आवाजाला वेगापेक्षा नियमितपणा हवा. साधारणपणे दर २० मिलिसेकंदांनी आवाजाचा एक तुकडा, म्हणजे पॅकेट, निघते. ती वेड्यावाकड्या अंतराने पोहोचू लागली, म्हणजेच जिटर वाढला, की समोरचे ॲप त्यांना बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) थोडा वेळ थोपवून सारखे करते, पण त्या मुदतीनंतर आलेले पॅकेट हरवल्यात जमा होते, कारण बोलणे तोवर पुढे गेलेले असते.

तुमचाच आवाज तुटतो, यावरून माझा संशय अपलोडवर आहे. घरातले फोन संध्याकाळी वाय-फायवर आले की फोटोंचा बॅकअप सुरू होतो (आणि त्याचा कोणाला पत्ताही नसतो!), राउटरमध्ये रांग साचते आणि आवाजाची पॅकेट्स त्या रांगेत अडकतात. कॉल चालू असताना दोन पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) लावून पाहा, एक राउटरला आणि एक बाहेरच्या सर्व्हरला. राउटरचाच पिंग उसळत असेल तर दोष वाय-फायचा, २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा ५ गिगाहर्ट्झ किंवा सरळ केबल वापरावी.

औंधवासी:
सहमत. अंतराचा बाऊ मात्र नको. पुणे ते म्यूनिक सरळ रेषेत सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आहे आणि फायबरमधून प्रकाशाला तेवढ्यासाठी ३२ मिलिसेकंद लागतात; प्रत्यक्ष मार्ग लांबचा असला तरी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीतील एकेरी विलंबाच्या १५० मिलिसेकंदांच्या मर्यादेच्या आत बसणे अवघड नाही.

कोथरूडकर:
केबल लावून पाहिले. राउटरचा पिंग स्थिर आहे, बाहेरचा मात्र बॅकअप सुरू होताच चढतो.

पेठेतला:
मग दोष वाय-फायचा नाही, अपलोडच्या रांगेचाच. राउटरमध्ये एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) आहे का ते पाहा. त्यात केक किंवा एफक्यू-कोडेल ही रांग हाताळण्याची पद्धत निवडून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवा, म्हणजे रांग तुमच्याच राउटरच्या ताब्यात राहील. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय बहुधा नसते; ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) चालणारा राउटर घ्यावा, आणि तोवर बॅकअपची वेळ मध्यरात्रीनंतरची ठेवावी.