पाच ईटीएफ जमलेत, खिचडी झालीये. काय ठेवू, काय काढू?

गारठलेला (विनिपेग)

नमस्कार मंडळी. मार्च २०२२ मध्ये इथे कॅनडात आलो, वय ३४, भाड्याच्या घरात राहतो. पहिली दोन वर्षं पैसे नुसते चेकिंग खात्यात पडून होते. मग बँकेतल्या बाईंनी एक म्युच्युअल फंड गळ्यात मारला. त्याचा एमईआर (फंडाचा वर्षाचा खर्च) २ टक्क्यांच्या वर आहे हे कळल्यावर तो काढला आणि स्वतःच ईटीएफ (शेअर बाजारात मिळणारे फंड) घ्यायला लागलो. जो व्हिडिओ बघेन त्यातला एक, असं करत पाच झाले.

टीएफएसएमध्ये (नफ्यावर टॅक्स न लागणारं खातं) १८,००० डॉलर आहेत: एक्सईक्यूटी (जगभरच्या शेअर्सचा), व्हीएफव्ही आणि एक्सआययू. (एवढेच आजवर भरलेत, नफा वेगळा.) आरआरएसपीत (निवृत्तीचं खातं, भरलेल्या रकमेची टॅक्समध्ये वजावट मिळते) १५,०००, सगळे व्हीईक्यूटी, तोही जगभरचाच. साध्या, टॅक्स लागणाऱ्या खात्यात १४,०००: त्यात ८,८०० चे एक्सईक्यूटी आणि बाकी एक कव्हर्ड कॉलवाला (शेअर वाढले तर होणारा नफा आधीच विकून दरमहा पैसे वाटणारा), ६,००० ला घेतलेला, आज ५,२००. दर महिन्याला पैसे येतात म्हणून भुललो.

ऑफिसमधला एक जण म्हणतो, यंदा, २०२५ ला, टीएफएसएत भरायची मर्यादा १,०२,००० आहे, सगळे १४,००० जसेच्या तसे, न विकता, तिकडे सरकव. करू का? आणि आरआरएसपीत थेट अमेरिकन ईटीएफ घेतले तर टॅक्स वाचतो म्हणे. त्यासाठी कॅनडाचे डॉलर स्वस्तात अमेरिकन डॉलरमध्ये बदलायची ती नॉर्बर्टवाली युक्ती शिकू का?

ओकव्हिलकर

एक्सईक्यूटी ठेव, बाकीचे वीक, ॲप फोनवरून काढून टाक. व्हीएफव्ही म्हणजे एस अँड पी ५००, अमेरिकेतल्या बड्या कंपन्या. एक्सईक्यूटीत साधारण ४५ टक्के अमेरिका आणि २५ टक्के कॅनडा आधीच आहे. एक्सआययूतल्या कॅनडाच्या ६० कंपन्याही त्यातच आल्या. डबे तीन, भाजी एकच. टीएफएसएच्या आत विकलंस तर टॅक्सचा प्रश्न नाही, आजच करून टाक. आरआरएसपीतलं व्हीईक्यूटी राहू दे. त्यात कॅनडा थोडा जास्त आहे, बाकी भाऊभाऊच.

जुनी वही (हॅमिल्टन)

अहो थांबा, ते १४,००० हलवू नका!

१,०२,००० हा २०२५ चा आकडा खरा आहे, पण तो २००९ पासून इथे राहणाऱ्याचा, ज्याचं वय तेव्हा १८ झालेलं होतं. तुमची मर्यादा तुम्ही कॅनडाचे रहिवासी झालात त्या वर्षापासून मोजायची. २०२२ चे ६,०००, २०२३ चे ६,५००, मग ७,००० आणि ७,०००. झाले २६,५००. तुम्ही भरलेत १८,०००, म्हणजे शिल्लक फक्त ८,५००. सगळे १४,००० टाकलेत तर ५,५०० जास्तीचे होतात आणि त्यावर महिन्याला १ टक्का, म्हणजे ५५ डॉलर दंड. आरआरएसपीत २,००० ची सूट तरी असते, इथे एका डॉलरचीही नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. आम्ही २०१८ ला आलो. माझी मर्यादा २०१९ मध्ये ११,५०० होती आणि मी मे महिन्यात खुशाल २०,००० भरले. ८,५०० जास्त, महिन्याला ८५, डिसेंबरपर्यंत आठ महिने: ६८० डॉलर. पुढच्या वर्षी सीआरएचं, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याचं, तपकिरी पाकीट आलं तेव्हा मला वाटलं रिफंड आला! मी ते नवऱ्याला न दाखवता दोन दिवस पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं. तेव्हापासून वही केली. सीआरएच्या साइटवर मर्यादा दिसते, पण ती १ जानेवारीची असते. त्यानंतर तुम्ही काय भरलं ते तिला ठाऊक नसतं, म्हणून आपला हिशेब आपल्याकडेच हवा.

दुसरी मेख त्या कव्हर्ड कॉलवाल्यात आहे. तो "जसाच्या तसा" टीएफएसएत सरकवलात तर ८०० डॉलरचा तोटा कायमचा बुडाला, तो कुठेच दाखवता येत नाही. त्याऐवजी तो विका, रोख टीएफएसएत न्या आणि तिथे वेगळा ईटीएफ घ्या. तोच पुन्हा घेऊ नका, विक्रीच्या आधी ३० आणि नंतर ३० दिवस, कुठल्याच खात्यात. बायकोच्याही. मग तो तोटा एक्सईक्यूटीच्या नफ्यासमोर लावता येतो.

आणि ते दरमहाचे पैसे... त्यातला काही भाग बहुतेक वेळा रिटर्न ऑफ कॅपिटल असतो, म्हणजे आपलेच पैसे आपल्याच हातावर ठेवलेले. टी३ स्लिपवर (फंडाने वर्षभरात काय वाटलं त्याची टॅक्ससाठीची चिठ्ठी) ४२ नंबरच्या चौकटीत बघा. तेवढी रक्कम तुमच्या एसीबीतून, म्हणजे मूळ खर्चातून, वजा करायची असते. त्यामुळे ६,००० हा आकडा आता बरोबर नसणार आणि तोटा ८०० पेक्षा कमी भरेल.

उलटंही होतं, आणि ते जास्त फसवं. वर्षअखेरीला फंड कधी कधी वाटप जाहीर करतो पण हातात देत नाही, आतच गुंतवतो. समजा तुमचे २०० युनिट, मूळ खर्च ६,०००, आणि युनिटमागे ४० सेंट असं वाटप. ८० डॉलर टी३ वर येतात, त्यावर टॅक्स भरता, खात्यात मात्र दमडी दिसत नाही. ते ८० मूळ खर्चात मिळवून ६,०८० लिहून ठेवायचे. नाही लिहिले तर विकताना त्याच ८० वर पुन्हा टॅक्स. ब्रोकरच्या स्क्रीनवर "बुक कॉस्ट" म्हणून जो आकडा दिसतो त्यावर मी तरी विसंबत नाही. टीएफएसए-आरआरएसपीत ही कटकटच नाही, म्हणून आधी ती खाती भरा.

टोरांटोचा तात्या

वहीवाल्या ताईंना दंडवत.

नॉर्बर्टबद्दल मी बोलतो. डीएलआर (अमेरिकन डॉलरच धरून ठेवणारा ईटीएफ) घ्यायचा, तो डीएलआर डॉट यू, म्हणजे त्याचंच अमेरिकन डॉलरमधलं रूप, करून अमेरिकन डॉलरमध्ये विकायचा, आणि चलन बदलायचा ब्रोकरचा दीड-दोन टक्के कट वाचवायचा. मी करतो. पण गारठलेल्या भावा, तुझ्या १५,००० चं गणित कर. त्यात अमेरिका ४५ टक्के धरली तर ६,७५०. त्यावर सव्वा टक्का लाभांश म्हणजे ८४, त्यावर १५ टक्के अमेरिकेची टॅक्सकपात. वर्षाला तेरा डॉलर! तेरा डॉलरसाठी दोन चलनं आणि स्वतः रीबॅलन्सिंग (फंडांचं प्रमाण पुन्हा जुळवत बसणं)? आकडा लाखाच्या पुढे गेला की शिक. टीएफएसएत तर ही सवलत मिळतच नाही.

घर घ्यायचा विचार आहे का? असेल तर ३१ डिसेंबरच्या आत एफएचएसए (पहिल्या घरासाठीचं बचत खातं) उघड, रिकामं असलं तरी चालेल. वर्षाला ८,०००, एकूण ४०,०००. भरताना आरआरएसपीसारखी वजावट, काढताना टीएफएसएसारखं मोकळं. पण खातं उघडल्याशिवाय मर्यादा साचायला लागत नाही. गेल्या चार वर्षांत स्वतःच्या घरात राहिला असशील तर अडचण, आणि भारतातलं घरही धरतात. आणि तीन वर्षांत घर घेणार असशील तर ते पैसे एक्सईक्यूटीत नकोत रे.

गारठलेला (विनिपेग)

बापरे. उद्या सकाळी सरकवणारच होतो.

घराचं अजून चार-पाच वर्षं तरी नाही. नाशिकचं घर बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे एफएचएसए उघडतो.

बाकी असं ठरवतोय: कव्हर्ड कॉलवाला विकायचा, त्याचे ५,२०० आणि एक्सईक्यूटीचे ३,३०० असे ८,५०० आत्ता टीएफएसएत. उरलेले ५,५०० जानेवारीत, नवीन ७,००० मिळाल्यावर. व्हीएफव्ही आणि एक्सआययू आत्ताच एक्सईक्यूटीत. बरोबर ना?

जुनी वही (हॅमिल्टन)

बरोबर. फक्त मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) टाकू नका, लिमिट (आपण भाव ठरवून) टाका. तुमच्याकडे बाजार साडेआठला उघडतो, पहिली पंधरा-वीस मिनिटं चहा घ्या. तेव्हा घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावात अंतर जास्त असतं.

गारठलेला (विनिपेग)

विकला, ५,१९४ आले. मागच्या वर्षीची टी३ काढली तर ४२ नंबरच्या चौकटीत २११ निघाले. म्हणजे तोटा ८०६ नाही, ५९५, आणि यंदाची स्लिप मार्चमध्ये येईल तेव्हा आणखी खाली. दोनशे पानी वही आणलीये.