मदत हवी आहे : कोलकाता, अहमदाबाद, हैदराबादला दूध-तूप टाळून बाहेर कसं जेवायचं?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात कामासाठी कोलकात्याला सहा दिवस, मग अहमदाबादला चार आणि हैदराबादला पाच दिवस जायचं आहे. तिन्ही ठिकाणी लॉजवर मुक्काम, म्हणजे चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं बाहेरच. मी व्हिगन आहे. दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर, खवा यातलं काहीच खात नाही, मधही नाही. तीन वर्षं झाली.

कारण थोडक्यात सांगते. आजोळ काटोलकडचं, मामांचा गोठा होता. गाय पान्हावली की वासराला ओढून खुंट्याला बांधायचं, हे काम लहानपणी माझ्याकडे असायचं. मान ताणून ते जसं आईकडे ओढायचं, ती ओढ अजून माझ्या हाताला आठवते. यावर वाद घालायला हा धागा काढलेला नाही. ज्यांना पटत नाही त्यांनीही मदत केली तर आनंदच आहे.

नागपुरात माझं अडत नाही. सकाळी तर्री पोहे : पोह्यांवर चण्याचा रस्सा, वरून लाल तर्री, कांदा, सांबार. सगळं तेलातलं. सावजीकडे गेलं की डाळकांदा नाहीतर पाटोडी रस्सा, सोबत लंबी रोटी. घरी गोळाभात, त्यावर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी. थंडीत सांबारवडी, फक्त तिच्यासोबतची कढी घ्यायची नाही. (बाहेरच्यांसाठी : आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) संत्रा बर्फीत खवा आहे की नाही हे दुकानागणिक बदलतं, म्हणून मी संत्रीच खाते. आमच्याकडे रोजचा स्वयंपाक तेलावर आणि तूप पाहुण्याच्या मानाचं, म्हणून रोजचं जेवताना व्हिगन हा शब्द उच्चारावाच लागत नाही. गावाबाहेर पडले की मी पाहुणी होते, आणि तिथेच सगळं अडतं.

गेल्या हिवाळ्यात इंदूरला गेले होते. भुट्टे का कीस पहिल्यांदाच पाहिला. मका आहे, मिरची-मोहरीची फोडणी आहे, म्हणून निर्धास्त घेतला. दोन घासांनंतर चव फार सायीसारखी लागली. विचारलं, तर "दीदी, कीस तो दूध में ही पकता है." ती चूक माझी, आधी विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मात्र विचारून, सांगून बसले. तवा रोटी, बिना घी, तीनदा सांगितलं. रोटी आली ती चकाकतच. वाढणारे काका साठीच्या घरातले होते. माझा चेहरा बघून त्यांनी ती रोटी उचलून आत नेली आणि तीच कापडाने पुसून परत आणली. कडेच्या फुगवट्यात एक थेंब तसाच होता. म्हणाले, "सूखी कैसे खाओगी बेटा, थोडासा ही लगाया था." त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, मायाच होती. म्हणून मला रागावताही येईना आणि जेवताही येईना. डाळ मागवली, तिचा तडका तुपाचा. त्या रात्री काकडी, कांदा आणि बॅगेतले फुटाणे खाऊन झोपले.

खायला काही मिळत नाही असं कुठेच नसतं. पण तूप लोक मोजतच नाहीत, मीठ मोजत नाहीत तसं. दूध नको म्हटलं की तूप चालेल असं धरतात, तूप नको म्हटलं की बटर लावतात. शाकाहारी म्हटलं की पनीर पुढे येतं. एकदा जैन थाळी मागून पाहिली. कांदा-लसूण गेलं, दही तसंच राहिलं.

तर मला हवं आहे ते असं. या तीन शहरांत गाडीवर, खानावळीत, साध्या हॉटेलात मिळणारे कोणते पदार्थ मुळातच दूध-तुपाविना होतात? कोणते वरून निरुपद्रवी दिसतात पण नसतात? बंगाली, गुजराती, तेलुगूत नेमकं काय म्हणायचं? महागड्या व्हिगन कॅफेंची नावं नकोत, रोज तिथे जाणं मला परवडणार नाही.

आणि एक गोष्ट मनात घोळते आहे. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, सरळ दुधाची ॲलर्जी आहे असं सांग, लोक लगेच ऐकतात. सांगावं का? मला ते जड जातं.

दमदमचा महालकर

ताई, मी मूळचा नागपुरातल्या महालातला, सात वर्षांपासून कोलकात्यात आहे. पहिली गोष्ट, ‘निरामिष’ या शब्दावर विसंबू नका. निरामिष म्हणजे मांस, मासे, अंडी नाही, बहुतेक वेळा कांदा-लसूणही नाही. दूध-तूप त्यात बसतं. शुक्तो दिसायला साधी मिश्र भाजी, पण शेवटी त्यात दूध घालतात. छोलार डाल (हरभऱ्याची डाळ) आणि धोकार डालना (डाळीच्या वड्यांचा रस्सा) यांवर उतरवताना तूप सोडायची पद्धत आहे.

तुमचा आधार म्हणजे पोस्तो. आलू पोस्तो, झिंगे पोस्तो (इथे झिंगे म्हणजे दोडका, कोळंबी नव्हे) : वाटलेली खसखस, हिरवी मिरची आणि मोहरीचं तेल. गरम भातासोबत मी आठवड्यातून दोनदा खातो. बेगुन भाजा (वांग्याचे तळलेले काप), झालमुडी (तिखट चुरमुरे), फुचका (पाणीपुरी) हेही चालेल. घुगनी वाटाण्याची असते, पण काही गाडेवाले वर खिमा घालतात, तेव्हा भांड्यात डोकावून घ्या. तेलेभाजाच्या (भज्यांच्या) कढईत मासेही तळतात का, ते विचारा. लुची (मैद्याची पुरी) साध्या तेलात की तुपात, हे दुकानावर आहे. हिवाळ्यात नव्या खजुराच्या गुळाची, पाटालीची ढेप घ्या. चुरमुऱ्यांसोबत सकाळचं काम होतं. तोच गूळ घातलेला संदेश मात्र छान्याचा, म्हणजे दुधाचाच.

म्हणायचं असं : "घी देबेन ना, दूध-छानाओ ना." मोहरीच्या तेलाच्या वासाला आपल्या नाकाला दोन दिवस द्या.

साबरमतीकाठी

अगं, अहमदाबादला ‘घी वगर’ म्हणून भागत नाही, ‘कोरी रोटली’ म्हण. कोरी म्हणजे न चोपडलेली. थाळीच्या हॉटेलात वाढपी तुपाचं भांडं घेऊन फिरतच असतो, आणि पहिली रोटली ताटात पडायच्या आत त्याला सांगावं लागतं. मी तर हात आडवा धरते.

ढोकळा, खांडवी, हांडवो तिन्हींत दही किंवा ताक असतं. कढी तर आहेच. थेपल्यात घराघरागणिक फरक, कुठे दही कुठे नाही, तेव्हा विचार. दाबेली बटरवर भाजतात, तेल सांगितलंस तर तेलावर भाजून देतात. सकाळी गाठिया, सोबत कच्च्या पपईचा संभारो आणि तळलेली मिरची घे. फाफड्यासोबतची पातळ पिवळी कढी तेवढी नको म्हण. थंडीत जात असशील तर ऊंधियू तेलातलं असतं, पोटभर खा. काठियावाडी जेवण मिळालं तर रींगणांनो ओळो (वांग्याचं भरीत) आणि बाजरीचा रोटलो. तोही कोरोच सांग, नाहीतर लोण्याचा गोळा घेऊन येईल.

प्रवासाला घरून काही नेणार असशील तर तिखटमिठाच्या पुऱ्या ने. कोणी दशम्या करून देतो म्हणालं तर पीठ दुधात भिजवलं नाही ना, एवढं बघ.

सिकंदराबादची आई

मी तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहिते आहे. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला दुधाची खरी ॲलर्जी आहे. चमचा नुसता पुसून वापरला तरी त्याचे ओठ सुजतात, आणि एकदा रात्री दवाखान्यात पळावं लागलं. मागे एका हॉटेलात मी सांगितलं तर मॅनेजर म्हणाले, "मॅडम, मागच्या टेबलवाले पण असंच म्हणाले, मग गुलाबजाम घेऊन गेले." त्या दिवशी आम्ही न जेवता उठलो. तेव्हा कळकळीची विनंती, तसं सांगू नका. तुम्हाला जड जातं हे वाचून बरं वाटलं.

त्याऐवजी प्रश्न बदला. मी हे चार वर्षांत शिकले. "तूप नाही ना?" विचारलं की "नाही" असंच उत्तर येतं, कारण त्या माणसाला तुम्हाला खूश करायचं असतं. "फोडणी कशाची देता?" "ग्रेव्ही कशाची?" "कणीक कशात भिजवता?" असं विचारलं की त्याला आठवून सांगावं लागतं, आणि खरं तेच येतं. नानच्या पिठात दही निघतं, पांढऱ्या ग्रेव्हीत खवा निघतो. आणि शक्य असेल तर गर्दीच्या वेळेआधी जा. बारा वाजता आचारी स्वतः बाहेर येऊन बोलतो, दीड वाजता वेटरलाही उभं राहायला वेळ नसतो.

हैदराबादचं सांगायचं तर बगारा बैंगन आणि मिरची का सालन यांची ग्रेव्ही शेंगदाणे, तीळ, खोबरं आणि चिंचेची असते. तेच भाताशी खा. व्हेज बिर्याणी टाळा, तिच्यात दही आणि तूप दोन्ही असतं. सकाळी पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा. तेलावर करायला सांगा. पुलिहोरा (चिंचेचा भात), पप्पू (डाळ), गोंगुरा पचडी (अंबाडीची चटणी) ठीक, पण पप्पूची फोडणी विचारा. आंध्रा मील्समध्ये गरम भातावर पोडी (डाळीची चटणीपूड) घालून लगेच तुपाची धार धरतात, तेव्हा आधीच "नेय्यि वद्दु" म्हणा. दूध पालु, दही पेरुगु, ताक मज्जिग, लोणी वेन्न. ‘वद्दु’ म्हणजे नको. खोबऱ्याच्या चटणीत कुठे कुठे दही मिसळतात, तीही विचारा.

लेबल वाचणारा

पाकिटांबद्दल. हिरवा ठिपका दूध असलेल्या मालावरही असतो, त्यामुळे तुमच्या उपयोगाचा नाही. एफएसएसएआयचे (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) व्हिगन अन्नाचे नियम २०२२ पासून आहेत आणि त्याचं वेगळं चिन्ह आहे, हिरवा इंग्रजी ‘व्ही’ आणि त्यावर छोटं रोप. ते अजून थोड्याच मालावर दिसतं. म्हणून घटकांच्या यादीखालची ॲलर्जीची ओळ वाचा, दूध असेल तर तिथे लिहिणं बंधनकारक आहे. बिस्किटं आणि मसाला वेफर्समध्ये दुधाची पावडर बरेचदा निघते. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनाही ॲलर्जीची माहिती ग्राहकाला देणं बंधनकारक आहे, तेव्हा ती संकोच न करता मागा.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. सिकंदराबादच्या ताई, तुमचं वाचून तो विचार मनातून पूर्ण गेला. लेकाला माझे आशीर्वाद.

तुमचा प्रश्न मी कालच वापरून पाहिला, इथेच, घराजवळच्या भोजनालयात. वर्षभर तिथे डाळ खाते आहे, दर वेळी "तूप नाही ना काका?" आणि दर वेळी "नाही बेटा". काल विचारलं, "काका, डाळीला शेवटी काय सोडता?" ते लगेच म्हणाले, "चमचाभर बटर, त्याशिवाय चकाकी येत नाही." त्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं, मी बटरचं विचारलंच नव्हतं. नागपुरात अडत नाही असं वर लिहिलं आहे, ते तेवढं दुरुस्त करून वाचावं. त्यांनी माझ्यासमोर वेगळ्या कढईत जवसाच्या तेलाची फोडणी दिली, लसूण जरा जास्त करपवला, आणि मी दोन वाट्या खाल्ली.

महालकर दादा, एक राहिलं. तुम्ही सांगितलेलं वाक्य मी चिठ्ठीवर बंगाली लिपीत लिहून घेते आहे. गुजराती आणि तेलुगूची चिठ्ठी शेजारच्यांकडून झाली, बंगाली लिहिणारं इथे ओळखीचं कोणी नाही. फोटो टाकला तर तपासून द्याल का? आणि ‘मध’ आणि ‘लोणी’ हे दोन शब्दही त्यात घालायचे आहेत.