मदत हवी आहे: कॅटामरानच्या एकाच हलमध्ये पाणी शिरतंय

माझ्याकडे 16 फुटी बीच कॅटामरान (दोन हलची, म्हणजे दोन पोकळ तरंगत्या भागांची, शिडाची बोट) आहे, फायबरग्लासची, डॅगरबोर्ड (पाण्यात खाली सरकवायची फळी) नसलेली. तासाभराच्या फेरीनंतर उजव्या हलचा ड्रेन प्लग काढला की चांगलं अर्धी बादली पाणी निघतं. डावा हल कोरडा ठणठणीत. पाणी चाखून पाहिलं, खारटच आहे, म्हणजे पावसाचं किंवा आतल्या दमटपणाचं नाही.

ड्रेन प्लगचा वॉशर बदलला, रडरच्या (सुकाणूच्या) ब्रॅकेटचे स्क्रू काढून नव्या सीलंटवर बसवले. मग हवेचं भोक टेपने बंद करून ड्रेनच्या भोकातून तोंडानेच हवा भरली (कॉम्प्रेसर मुद्दाम लावला नाही, त्या दाबाने सांधे उकलतात) आणि साबणाचं पाणी फिरवलं. तळाला, डेकच्या सांध्याला काहीच नाही. मात्र फ्रेम पेलणारा पुढचा खांब डेकमध्ये उतरतो तिथे, खांब हाताने हलवला की बारीक बुडबुडे येतात. नुसती किनाऱ्यावर पाण्यात तरंगत ठेवली तर थेंबही शिरत नाही. वाऱ्याने बोट कलून उजवा हल पाण्यात दाबला गेला की शिरतं. त्यामुळे संशय खांबावरच आहे.

बोट उघड्यावर वाळूवर असते, शेड नाही. फ्रेम सुटी करायला दोन माणसं मिळतील, पण हल कापून उघडायचा नाहीये.

ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांना विचारायचंय: खांब जागेवरच ठेवून फटीत पातळ इपॉक्सी सोडली तर भार पडल्यावर ती टिकते का, की खांब उपसून, जागा घासून नव्यानेच बसवावा लागतो?