टॅक्टिकल फोल्डिंग चाकू: चार महिन्यांनंतरचं मत (आणि एक अंगठा)

आडवातिडवा (धागाकर्ता)

चार महिने झाले, एक 'टॅक्टिकल', म्हणजे लढाऊ धाटणीचा, घडीचा चाकू रोज खिशात असतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रारी आहेत, आणि एका नगावरून अख्ख्या कंपनीला झोडपणं बरं नाही. पातं काळं, साडेआठ सेंटिमीटर लांब, पाठीकडे जवळपास चार मिलिमीटर जाड. पोलाद डी२. लायनर लॉक, म्हणजे उघडल्यावर मुठीतली पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे बसते आणि पातं मिटू देत नाही. मूठ जी-१० या कृत्रिम पदार्थाची, कानशीसारखी खरखरीत. टोक टँटो पद्धतीचं, म्हणजे धार गोलाईनं न वळता कोपरा करून टोकाकडे जाते; मुठीजवळची एक तृतीयांश धार दातेरी, आणि बुडाला काच फोडायची टोकदार गुंडी.

आधी कौतुक. उघडताना जो 'खट्ट' आवाज येतो त्याला तोड नाही. पहिल्या आठवड्यात कापलं कमी आणि उघडमीटच जास्त केली, शेवटी घरच्यांनी हातातून काढून घेतला. एका हातानं उघडतो. दुसऱ्या हातात खोकं असो, दोरी असो, नाहीतर शिडीचा दांडा असो. हे सुख एकदा लागलं की नखानं खाच शोधून उघडायचे चाकू नकोसे होतात.

आता रडगाणं. हा चाकू कापत नाही. धार आहे, हातावरची लव निघते, कागद सुर्रकन चिरतो. पण जाड पुठ्ठ्यात घातला की धार आत जाते आणि मागचं जाड अंग अडकतं. पाचर ठोकल्यासारखा पुठ्ठा फाटत जातो. धारेच्या लगेच मागे जाडी मोजायचा कॅलिपर लावला तर ०.९ मिमी. स्वयंपाकघरातल्या साध्या सुरीला लावला तर ०.२. दातेरी भाग नेमका मुठीजवळ, जिथे जोर लावून लाकूड तासायचं असतं. खिशात हात घातला की पहिला नमस्कार काच फोडायची गुंडी करते. आणि खिशाला अडकवायच्या क्लिपखालची खरखरीत मूठ प्रत्येक वेळी खिशाची कड घासते. दोन पँटी गेल्या.

माझं म्हणणं एवढंच, की कधी न येणाऱ्या प्रसंगासाठी यात रोजच्या कामाचा बळी दिलाय. खोडून काढा.

पोलादी

जोरदार असहमती. पहार आणलीत आणि तिच्यानं शिवता येत नाही म्हणून रडताय!

पातं जाड आहे कारण त्याला पिळा, मुरगळा, फटीत घाला, ते टिकलं पाहिजे. टँटो टोकाला शेवटपर्यंत लोखंड भरलेलं असतं. पातळ पात्याचं सुईसारखं टोक पहिल्याच उचकवाउचकवीत मोडतं. शिवाय टँटोच्या दोन धारा जिथे मिळतात तो कोपरा चिकटपट्टी चिरायला फार सोयीचा, आतल्या मालाला ओरखडा येत नाही.

आणि डी२ ला नावं ठेवू नका. दीड टक्का कार्बन, बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. मुळात डाय आणि ठसे बनवायचं पोलाद, झिजायचं नाव घेत नाही. चार महिन्यांत किती वेळा धार लावलीत? खरं सांगा.

आडवातिडवा

दोनदा. तेही हौस म्हणून. हा मुद्दा तुमचा.

पण गंज? घामाच्या खिशात राहून धारेलगत, जिथे काळा लेप नाही तिथे, दोन तपकिरी ठिपके आलेत. बारा टक्के क्रोमियम असताना गंजतो कसा?

करवत_कानस

याचं उत्तर देतो, आमच्या कामात रोजचंच आहे. क्रोमियम किती 'आहे' यापेक्षा किती 'मोकळं' आहे ते महत्त्वाचं. डी२ मधलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी लग्न लावून बसलेलं असतं. त्याचे टणक मोठे कण होतात, म्हणून झीज कमी. गंज रोखायला उरतं ते थोडंच. १४सी२८एन नावाच्या पोलादात क्रोमियम १४ टक्के पण कार्बन ०.६ च्या आसपास, वर थोडा नायट्रोजन. तिथे क्रोमियम मोकळं राहतं. ते डी२ इतकं दीर्घकाळ धार धरणार नाही, पण घामाला दाद देत नाही आणि दगडावर लवकर पाजळतं. खिशात राहणाऱ्या चाकूला मी तेच घेईन.

पोलादी, उचकवायला चाकू वापरणाऱ्याच्या हातून मी चाकू काढून घेतो. त्याला पटाशी म्हणतात. नाहीतर स्क्रूड्रायव्हर घ्या, तो मोडला तर कुणी रडत नाही.

बोथट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

जुनी_सुरी

धागाकर्त्याशी सहमत, पण त्यांना स्वतःचा मुद्दा नीट सापडलेला नाही असं वाटतं.

मी गेली तेवीस वर्षं लाकडी मुठीचा ओपिनेल हा फ्रेंच घडीचा चाकू वापरते. पातळ पातं, वजन हातात कळत नाही, फिरवायचं कडं घातलं की पातं पक्कं. ते कडं १९५५ पासून आहे, तेव्हा 'टॅक्टिकल' हा शब्द चाकवाला कुणी लावलेला नव्हता. आता तुमच्या कौतुकाची यादी बघा. एका हातानं उघडणं, क्लिप, लॉक. १९८१ साली स्पायडर्को या चाकू बनवणाऱ्या कंपनीनं पात्याला अंगठ्यानं उघडायचं गोल भोक आणि मुठीला क्लिप दिली, त्या चाकवाचं नाव काय होतं? 'वर्कर'. कामगार! योद्धा नव्हे. मग रडगाण्याची यादी बघा. काळा लेप, चार मिलिमीटरची पाठ, काच फोडायची गुंडी, अर्धवट दातेरी धार. हे सगळं लढाऊ दिसण्यासाठी.

म्हणजे तुमच्या चाकवात जे चांगलं आहे ते टॅक्टिकल नाही, आणि जे टॅक्टिकल आहे ते तुम्हाला नको आहे.

पोलादी

वाक्य छान जमलंय ताई, पण अर्धसत्य आहे. बॉब टर्झुओला, अर्नेस्ट एमर्सन या कारागिरांनी १९८०-९० च्या दशकांत हे चाकू घडवले ते शोभेसाठी नाही, सैनिक गिऱ्हाइकं होती त्यांची. हातमोजे घालून उघडता आलं पाहिजे, चिखल गेला तरी चाललं पाहिजे, पातं चकाकलं नाही पाहिजे. काळ्या लेपामागे कारण आहे.

आणि तुमच्या लाकडी मुठीला पाणी लागलं की लाकूड फुगतं आणि पातं आत चावून बसतं, ते का सांगत नाही? जी-१० म्हणजे काचतंतू आणि एपॉक्सी. महिनाभर बादलीत ठेवा, केसभर हलणार नाही.

जुनी_सुरी

फुगतं, मान्य. मी मुठीचं मागचं टोक लाकडावर टिचकी मारल्यासारखं आपटते, पातं बाहेर येतं. पण तुमची गिऱ्हाइकं सैनिक होती आणि धागाकर्ते खोकी फोडतात. माझा मुद्दा तिथेच आहे.

फट्याक

सगळे खोकी-खोकी करताय. उद्या कुणी अंगावर आलं तर? तेव्हा लाकडी मूठ टिचकी मारून उघडणार का? असावा जवळ. मनाला आधार असतो.

दोरखंड

फट्याक, शांतपणे वाचा. बचावपथकाबरोबर काम करतो, त्यामुळे घाबरलेली माणसं बरीच पाहिली आहेत, त्यात मीही आलो. घाबरल्यावर बोटं ऐकत नाहीत. घरी शंभर वेळा 'खट्ट' केलेला चाकू त्या वेळी खिशातून निघतसुद्धा नाही, निघाला तर उलटा निघतो. बऱ्याच घडीच्या चाकवांना बोटांपुढे धड आडोसा नसतो. टोक कशात अडलं की ओला हात पुढे घसरून स्वतःच्याच धारेवर जातो. शिवाय समोरच्याच्या हातात चाकू नसेल तर तो आता प्रसंगात तुम्ही आणलात. पळा. पाय चांगले आहेत.

कायद्याचंही बघा. ब्रिटनमध्ये कारण नसताना जवळ बाळगायला चालतो तो तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, तोही लॉक नसलेला घडीचा चाकू. जर्मनीत एका हातानं उघडणारा लॉकवाला चाकू रास्त कारणाशिवाय घेऊन हिंडता येत नाही. 'मनाला आधार' हे रास्त कारण या दोन्हीकडे धरत नाहीत.

आता दातेरी धारेची बाजू घेतो, कारण तिला इथे कुणी वाली नाही. ओला, ताणलेला नायलॉनचा दोर साध्या धारेवरून सरकतो, धार थोडी बसली असेल तर फारच. दाते तंतू पकडतात. पण मग पूर्ण दातेरी घ्या. अर्धवट दातेरी म्हणजे धड हे नाही धड ते नाही.

आणि गाडीतून माणूस काढायच्या जाहिरातीला भुलू नका. पट्टा कापायला बोथट टोकाचं किंवा आकड्यात लपवलेलं पातं लागतं. जखमी माणसाच्या पोटाशी टँटो घेऊन कोण जाणार? काच फोडायची गुंडी बाजूच्या टेम्पर्ड काचेवर चालते. समोरच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तिला नुसते तडे जातात. हल्ली काही गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच येतात.

फट्याक

ठीक. पळायचा सराव करतो. पण 'खट्ट' मला अजूनही आवडतं.

करवत_कानस

शीर्षकातल्या अंगठ्याचं काय झालं? त्यावर धागाकर्ते गप्प आहेत.

आडवातिडवा

वाटलं होतं कुणी विचारणार नाही.

व्हिडिओ बघून पातं ज्यावर फिरतं तो स्क्रू पाव फेरा सैल केला होता. पातं नुसत्या वजनानं गुळगुळीत खाली पडावं म्हणून. पडायला लागलं, काय सुंदर पडायचं! एकदा घाईत मिटताना अंगठ्यानं पट्टी बाजूला दाबली आणि अंगठा काढायच्या आत पातं आलं. दातेरी भाग. दोन टाके. स्क्रूला हात मी लावला, दोष माझाच. पण मिटण्यासाठी अंगठा पात्याच्या वाटेतच ठेवावा लागतो, ही रचना कुणाच्या डोक्यातून निघाली?

करवत_कानस

कल्पना जुनी आहे, १९०६ च्या एका अमेरिकन पेटंटमध्ये सापडते. मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकात तिला आजचं रूप दिलं. सोपी, स्वस्तात बनणारी, चांगली बनली तर भक्कम. पण अंगठ्याबद्दल तुमचं खरं आहे. आडव्या दांड्याचं लॉक, बेंचमेड या चाकू कंपनीनं १९९८ मध्ये आणलेलं, त्यात बोटं धारेच्या वाटेबाहेर राहतात आणि ते दोन्ही हातांना सारखंच चालतं.

त्याहून महत्त्वाचं. चाकू उघडा, वरून आत बघा. पट्टी पात्याच्या बुडावर कुठे बसते? जवळच्या कडेपासून पाव ते निम्म्या रुंदीपर्यंत असेल तर ठीक. पलीकडच्या कडेला टेकत आली असेल तर झीज झालीय. तुम्ही आठवडाभर 'खट्ट खट्ट' केलंय, म्हणून विचारतो. मार्करनं बुडाला रंग लावा आणि दहादा उघडा, पुसलेला पट्टा दिसेल.

पोलादी

चार महिन्यांत इतकं झिजत नाही हो. उगाच घाबरवू नका.

आडवातिडवा

मार्करचं रात्री बघतो. दरम्यान एक प्रयोग केला. हिऱ्याच्या कणांच्या दगडावर दोन संध्याकाळी बसून धारेचा कोन कमी केला. आधी एका बाजूला पंचवीस अंशांच्या आसपास असावा, आता पंधरा. टँटो असल्यानं दोन सरळ धारा वेगवेगळ्या घासाव्या लागल्या, पण सरळ असल्यानं सोप्या गेल्या. दातेरी भागाला हातच लावला नाही, त्याला निमुळती कांडी लागते. काळ्या लेपावर पांढरे ओरखडे उठले, रूप गेलं. पण पुठ्ठ्यात फरक आहे! पूर्वी 'खर्रर्र' व्हायचं, आता निम्मा रस्ता 'सर्र' जातो.

करवत_कानस

उरलेला निम्मा जाणार नाही. कोन कमी केला की उताराचा खांदा वर सरकतो, मागची जाडी तिथेच राहते, उलट खांद्यापाशी थोडी वाढते. ती कमी करायची तर पात्याची अख्खी बाजू घासावी लागेल. मशिनवर घासताना पातं तापलं तर पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, आणि मग ते डी२ असून नसल्यासारखं. त्या वाटेला जाऊ नका.

बोथट

म्हणजे चाकवाला चाकू बनवायला दोन संध्याकाळी, दोन पँटी आणि दोन टाके. हिशेब जुळला.

आडवातिडवा

मार्कर लावला. पट्टी पलीकडच्या कडेपासून जेमतेम अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबते. बोटं बाजूला ठेवून पाठीवर तळहातानं दाबलं, तर अगदी बारीक डुगडुग जाणवली. पोलादी, काय म्हणता?

पोलादी

हा नग बिघडलेला आहे. माझं जाड पात्याबद्दलचं मत बदललेलं नाही, पण हा वापरू नका. कंपनीला परत पाठवा.

करवत_कानस

कोन घासलेला, लेप ओरखडलेला, स्क्रू सैल केलेला. घेतील परत?

आडवातिडवा

विचारलं. आधी फोटो पाठवा म्हणाले. आतून फोटो काढायला मूठ उघडायला गेलो, तर टी६ आकाराच्या इवल्याशा स्क्रूचं डोकं घासलं गेलं. आता तो निघतही नाही आणि आवळतही नाही.

जुनी_सुरी

आणि गुंडी?

आडवातिडवा

ती मात्र सहज निघाली. त्या भोकात दोरी ओवून चाकू खिळ्याला टांगलाय. खोकी सध्या स्वयंपाकघरातल्या सुरीनं फोडतोय, घरच्यांना सांगू नका.