‘हकीकत’, ‘आपबीती’ की ‘आठवणी’?

प्रश्न : नौपाड्यातील आमच्या वाचकगटाला ज्येष्ठ सभासदांनी सांगितलेल्या स्वतःच्या आयुष्यातील प्रसंगांची एक पुस्तिका काढायची आहे. शीर्षकासाठी ‘हकीकत’ हा शब्द सुचला. परंतु कथनांची शहानिशा केलेली नसताना हा शब्द वापरल्यास वाचकांची दिशाभूल होईल, असा एका सभासदांचा आक्षेप आहे. त्याऐवजी ‘आपबीती’ चालेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : आक्षेप शब्दाच्या मुळाला धरून आहे, आजच्या वापराला धरून नाही. अरबीत ‘हकीकत’ म्हणजे सत्य, वस्तुस्थिती; मराठीत मात्र तो ‘घडलेल्या गोष्टीचा वृत्तान्त’ या अर्थाने स्थिरावला. म्हणूनच आपण ‘खरी हकीकत अशी की’ असे सहज म्हणतो. मूळ अर्थ जागा असता, तर त्याच्यामागे ‘खरी’ लावण्याची गरजच पडली नसती. ‘कैफियत’ टाळावी, कारण न्यायालयात प्रतिवादी दाखल करतो ती लेखी कैफियत ही एका पक्षाची बाजू असते. ‘आपबीती’ हिंदीतून आलेला शब्द आहे आणि मराठीत तो जवळजवळ नेहमीच सोसलेल्या संकटाविषयी येतो. मुलीच्या लग्नाच्या आठवणीला कोणी आपबीती म्हणत नाही.

खरेपणाचा मुद्दा मात्र शीर्षकापुरता नाही. मी नवी मुंबईत राहतो. इथल्या प्रकल्पग्रस्त गावांतील वडीलधारी मंडळी भूसंपादनाविषयी किंवा जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात झालेल्या गोळीबाराविषयी बोलतात, तेव्हा दोघांच्या सांगण्यात क्रम, वेळ, कोण कुठे उभे होते याबाबत फरक पडतो. पाच जण हुतात्मा झाले, याबद्दल दुमत नसते. सरकारी कागदावर ‘संपादन’ असते. सांगणारा ‘जमीन गेली’ म्हणतो. त्या क्रियापदात जे आहे ते सातबाऱ्यात सापडणार नाही, आणि माझ्या मते माणसे स्वतःची गोष्ट सांगतात ती बहुतांशी यासाठीच : आपल्यावर जे गुदरले त्याची दखल दुसऱ्या कोणीतरी घ्यावी, नोंदीत आपली जागा रिकामी राहू नये.

स्मरण बदलते, यात लबाडी असतेच असे नाही. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रज वाचकांना अमेरिकेतील आदिवासींची एक कथा वाचायला देऊन ती पुन्हापुन्हा आठवून लिहायला सांगितली होती; अपरिचित तपशील गळत गेले, उरलेले ओळखीच्या साच्यात बसले, आणि तिथल्या विशिष्ट होडीची साधी नाव झाली. हे लिहिणाऱ्यांपैकी कोणाचाही फसवण्याचा हेतू नव्हता. आपली भाषाही हा भेद जाणते : ‘तिखटमीठ लावले’ हा आरोप सौम्य आहे, ‘पदरचे घातले’ हा त्याहून कडक, आणि ‘बनाव केला’ म्हटल्यावर सांगणाऱ्याची पतच जाते.

यावर जुना मराठी उपाय आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी त्यांच्या अनुयायांकडून गोळा केल्या, आणि लीळाचरित्राच्या परंपरेत एकाच प्रसंगाची वेगवेगळी स्मरणे कोणाची कोणती हे सांगून जपली गेली. एकाचे खरे ठरवून बाकीची पुसली नाहीत.

तेव्हा शीर्षक ‘आठवणी’ ठेवावे. प्रत्येक कथनाखाली ते कोणी आणि कोणत्या वर्षी सांगितले हे छापावे. जिथे दोन सभासदांचे सांगणे जुळत नाही, तिथे दोन्ही शेजारी द्यावीत.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. एकच शंका राहते. सांगणाऱ्याच्या मुलानेच ‘हे असे घडले नव्हते’ असे कळवले तर?

उत्तर : मुलाचे म्हणणे त्याच्या नावाने खाली टीप म्हणून द्यावे. आईवडिलांच्या मजकुरातील एकही शब्द बदलू नये.