सात्मीकरण, समावेशन की आणखी काही?

कडूनिंब:
एका लेखाचं भाषांतर करतेय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला १८७९ साली तिथल्या आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा निघाली. पोरं आली की आधी केस कापायचे, मग नाव बदलायचं, आणि घरची भाषा बोलायला बंदी. या धोरणाला मूळ लेखात ‘असिमिलेशन’ म्हटलंय. मी ‘सात्मीकरण’ लिहिलं, तर संपादक म्हणाले, हा जीवशास्त्राचा पेपर आहे का, ‘समावेशन’ करा. मला ते फार गोग्गोड वाटतंय. समावेशनात माणूस आहे तसा आत येतो ना?

खडूस:
संपादकांचं बरोबर आहे. अन्नरस पेशींत जाऊन शरीराचाच भाग होतो ते सात्मीकरण, शाळेत घोकलंय. सरळ ‘आत्मसात’ लिहा. दोन्ही एकच, अक्षरं उलटीपालटी झालीत एवढंच.

बीएडवाली:
उलटीपालटी नाही हो! आत्मसातमधला ‘सात्’ हा प्रत्यय, भस्मसातमधे असतो तोच. सात्मीकरणात ‘स + आत्म’ आहे. वैद्य विचारतात ना, दूध सात्म्य आहे का, म्हणजे मानवतं का, तेच हे. शिवाय कला आपण आत्मसात करतो. ‘सरकारने पोरं आत्मसात केली’ कसं वाटेल? आम्हाला बीएडला बालमानसशास्त्रज्ञ पियाजे होता, त्यातही सात्मीकरणच. माझा भाचा कुत्र्याला भूभू म्हणायला शिकला आणि गोठ्यातल्या म्हशीलाही भूभू. नवी वस्तू जुन्याच खणात कोंबली. पण पियाजेकडे पुढे समायोजन आहे, म्हणजे खणही बदलतो. कार्लाइलमधे खण काही बदलला नसणार.

रेघोट्या:
विलीनीकरण? संस्थानांचं झालं तसं.

मांडवीकाठ:
गोव्यात हा शब्द जरा जपून वापरा. १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल त्यावरच होता. फुलावर शिक्का म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानांवर म्हणजे वेगळं. आमचे आजोबा फुलाचे, आजी दोन पानांची. निकाल लागल्यावर आठवडाभर घरात फक्त कालवणाला वास होता, बोलणं नव्हतं. पण तिथे निदान विचारलं तरी होतं. त्या पोरांना कोणी विचारलं?

टाकळा:
‘जिरवणे’ का नाही? अन्न जिरतं, जमिनीत पाणी जिरवतात, आणि ‘चांगली जिरवली त्याची’ असंही म्हणतो. तिन्ही अर्थ एका शब्दात.

कडूनिंब:
टाकळा, अंगावर काटा आला. त्या शाळेचा संस्थापक लष्करी अधिकारी होता, रिचर्ड प्रॅट. त्याच्यातला इंडियन (म्हणजे तिथला आदिवासी) मारा आणि माणूस वाचवा, असं तो १८९२च्या भाषणात म्हणाला होता. जिरवणंच हे. पण ‘जिरवण्याचे धोरण’ संपादक छापतील?

खडूस:
छापू नये. संज्ञा संज्ञेसारखी दिसावी. उद्या प्रकाशसंश्लेषणाला ‘उन्हावर जेवणे’ म्हणाल.

टाकळा:
म्हणू की. पोरांना पहिल्या फटक्यात कळेल.

बीएडवाली:
भाषाशास्त्रात याच इंग्रजी शब्दाला समीभवन म्हणतात. भक्त, मग भत्त, मग भात. शेजारच्या ‘त’ने ‘क’ गिळला.

मांडवीकाठ:
पण गिळलेला अगदीच गेला नाही. ‘त’ एकटा उरला तेव्हा ‘भ’चा ‘भा’ झाला. सप्तचा सात, दुग्धचं दूध, तसंच. ताटातल्या भाताला अजून त्याची उचकी लागते.

खडूस:
हे संस्कृतातून आलेलं, आपलंच आहे. खरा प्रश्न परक्या शब्दांचा. मी पगार म्हणत नाही, वेतन म्हणतो.

मांडवीकाठ:
पगार, चावी, बटाटा, तिन्ही पोर्तुगीज. बटाट्याला काय म्हणता?

खडूस:
बटाटा सवयीचा आहे.

टाकळा:
म्हणजे तो जिरला. आणि वेतन तुमच्या बायकोला तरी कळतं का, की तिला पगारच सांगावा लागतो?

खडूस:
वैयक्तिक होऊ नका.

रेघोट्या:
चावीला काय म्हणता, खडूसराव? किल्ली?

खडूस:
किल्लीच. त्यात काय?

रेघोट्या:
मग कुलूप? ते अरबीतून फारसीमार्गे आलंय. देशी किल्लीने परदेशी कुलूप उघडता रोज.

कडूनिंब:
मंडळी, लेख उद्या सकाळी द्यायचाय. कार्लाइल!

खडूस:
किल्ली देशी कशावरून? आधी ते सिद्ध करा.