क्रॉस कंट्रीची आंतरराष्ट्रीय परंपरा १९०३ पासून मोजावी का?

माळरान (धागाकर्ता):
क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे रानामाळातून धावण्याच्या शर्यतीच्या, आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाचा इतिहास नेहमी २८ मार्च १९०३ पासून सांगितला जातो. त्या दिवशी स्कॉटलंडमधील हॅमिल्टन पार्क या घोड्यांच्या रेसकोर्सवर सुमारे आठ मैलांची शर्यत झाली, इंग्लंडचा आल्फ्रेड श्रब पहिला आला आणि सांघिक विजेतेपदही इंग्लंडनेच नेले. मात्र शर्यतीत उतरलेले चारही संघ, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड, तेव्हा एकाच राजाच्या आणि एकाच संसदेच्या अमलाखाली होते. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ हे रणजीचे तीन संघ आपापसांत खेळले, तर त्या सामन्यांना आपण आंतरराज्य म्हणणार आहोत का? माझ्या मते १९०३ ते १९०६ या चार शर्यतींची नोंद ब्रिटिश बेटांची अंतर्गत स्पर्धा म्हणून वेगळी ठेवावी आणि परंपरा १९०७ पासून धरावी, कारण त्या वर्षी फ्रान्सचा संघ प्रथमच सहभागी झाला.

पाऊलवाट:
रणजीचे उदाहरण वाचायला गमतीचे आहे, पण येथे ते लागू पडत नाही. हे चार संघ रग्बी आणि फुटबॉलमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून स्वतंत्र राष्ट्रे म्हणून परस्परांशी खेळत होते. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचा पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना १८७२ सालचा आहे, आणि त्याच्या नोंदीला आजवर कोणी हरकत घेतल्याचे मला माहीत नाही.

आयर्लंडचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. १९०६ साली अथेन्सच्या क्रीडास्पर्धेत पीटर ओ'कॉनर या आयरिश उडीपटूची नोंद त्याच्या इच्छेविरुद्ध ग्रेट ब्रिटनच्या नावे झाली, तेव्हा तो निषेध म्हणून ध्वजस्तंभावर चढला आणि त्याने हिरवा आयरिश झेंडा फडकावला. ज्या वर्षी हे घडले, त्याच वर्षी वेल्समधील न्यूपोर्टजवळ झालेल्या क्रॉस कंट्री स्पर्धेत आयरिश धावपटू मात्र आयर्लंडच्याच नावाने धावले होते, आणि आदल्या वर्षी ही स्पर्धा डब्लिनजवळच्या बाल्डॉयल येथे भरवून यजमानपदही त्यांना मिळाले होते. जे अथेन्सने नाकारले ते या स्पर्धेने दिले, आणि नेमकी तीच चार वर्षे आपण कापून टाकायला निघाला आहात.

जुनी पाने:
फ्रान्स ही कसोटी धरायची असेल, तर १९०७ वर तरी का थांबावे? २० मार्च १८९८ रोजी पॅरिसजवळच्या व्हिल दाव्रे येथे इंग्लंड आणि फ्रान्स यांची क्रॉस कंट्री लढत झाली होती. संघातील पहिल्या सहा जणांचे क्रमांक मिळवायचे आणि ज्याची बेरीज कमी तो संघ विजयी, असा हिशेब होता. इंग्लंडची बेरीज एकवीस झाली, म्हणजे एक ते सहा हे सगळे क्रमांक त्यांचेच. फ्रान्सची झाली एकोणसत्तर, कारण सातवा आणि आठवा धावपटूही इंग्लंडचाच होता आणि पहिला फ्रेंच धावपटू नवव्या क्रमांकावर आला. लढत एकतर्फी झाली हे खरे. पण दोन सार्वभौम देश समोरासमोर उभे होते, हे कसे नाकारणार?

माळरान:
१८९८ ची लढत मी नाकारत नाही, पण ती दोन संघांची एकवेळची भेट होती. तीत अजिंक्यपद नव्हते आणि पुढच्या वर्षी ते राखण्याचा प्रश्नही नव्हता. पाऊलवाट यांचा आयर्लंडविषयीचा मुद्दा वजनदार आहे, हे मान्य करतो. तरीही एखाद्या स्पर्धेने संघांना वेगळे नाव दिले, एवढ्यावरून तिचे क्षेत्र रुंदावत नाही. श्रबने १९०३ आणि १९०४ अशी लागोपाठ दोन वर्षे ही शर्यत जिंकली, आणि त्याच काळात इंग्लंडची राष्ट्रीय शर्यतही तोच जिंकत होता. दोन्हीकडे त्याला हरवू शकतील असे धावपटू बहुतेक तेच होते, असे मला वाटते.

चिखलपाय:
मी १९०३ च्याच बाजूने आहे, परंतु माझे कारण राजकीय नाही. त्याआधीचा हा खेळ शाळांतील कागदाच्या खेळातून आलेला होता: पुढे गेलेले दोघे कागदाचे कपटे टाकत जात आणि बाकीचे त्या मागावर धावत. १८७६ साली एपिंगच्या जंगलात इंग्लंडची पहिली राष्ट्रीय शर्यत घेतली, तेव्हा सगळेच धावपटू वाट चुकले आणि शर्यत रद्द करावी लागली. अशा खेळात चार संघांचे निकाल लावायचे, तर मार्ग आखलेला हवा, धावपटू डोळ्यांसमोर राहायला हवेत आणि प्रेक्षकांना उभे राहायला जागा हवी. रेसकोर्सवर हे सारे आयते मिळते. म्हणूनच हॅमिल्टननंतर इंग्लंडमधील हेडॉक पार्क, बाल्डॉयल आणि न्यूपोर्टजवळचे कार्लियन ही पुढची तिन्ही ठिकाणेही रेसकोर्सचीच होती. त्यापायी रानातली मजा थोडी गेली, याचे वाईट वाटते खरे. पण फ्रान्स आला तो या तयार साच्यात आला; साचा त्याने बनवला नाही.

पाऊलवाट:
चिखलपाय यांच्याशी सहमत आहे, आणि धागाकर्त्यांना एकच विचारतो. फ्रान्स आल्यामुळे चुरस आली, असे म्हणावे तर १९०७ साली तसे काहीच घडले नाही. पहिला बिगर-इंग्लिश विजेता, फ्रान्सचा झां बुआं, १९११ साली मिळाला. त्याने पुढची दोन वर्षेही शर्यत जिंकली, पण त्या तिन्ही वर्षी सांघिक विजेतेपद इंग्लंडकडेच राहिले. ते प्रथम हिसकावून घेतले फ्रान्सने, १९२२ साली, आणि तोवर बुआं पहिल्या महायुद्धात मारला गेला होता. देशांची संख्या हा निकष असेल तर १८९८ आड येते, आणि चुरस हा निकष असेल तर १९२२ पर्यंत थांबावे लागते. मग १९०७ हे वर्ष नेमके कोणत्या निकषावर उरते?